बैल भ्याला नाही, बुजला

सहावीच्या वर्गात शब्दार्थांचा स्वाध्याय चालला होता. दचकणे, बिचकणे, बुजणे, कचरणे असे चार शब्द मी फळ्यावर लिहिले होते. बहुतेक मुलांनी घरच्या गाइडमधून अर्थ उतरवून आणले होते आणि चारही शब्दांपुढे एकच अर्थ होता, ‘घाबरणे’. वह्या तपासत मी पुढे सरकत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘मॅडम, चौघांचा अर्थ एकच आहे, तर चार शब्द कशाला पाहिजेत?’

प्रश्न अगदी रास्त होता, चूक गाइडची होती. शब्द टिकतो तो कुणाला तरी त्याची गरज पडते म्हणून. एकाच कामाला चार शब्द फार काळ राहत नाहीत, त्यातले दोन-तीन गळून जातात. हे चारही घराघरांत रोज बोलले जातात, त्या अर्थी चौघांची कामं वेगळी असणार. तिला तासाला थोडंफार सांगितलं, पण माझं समाधान झालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. चौघांतही माझा जीव जास्त आहे तो ‘बुजणे’वर. हा शब्द मला पुस्तकात भेटला नाही, बैलगाडीत भेटला.

माझं माहेर यावल तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. चहूकडे केळी. दहा-बारा वर्षांपूर्वी सुट्टीत गेले होते तेव्हा सकाळी आप्पांबरोबर गाडीत बसून मळ्याकडे निघाले. आमची बैलजोडी तापी खिल्लारची, इकडे थिलारी म्हणतात ती. पांढरंशुभ्र अंग, गाजराच्या रंगाचं नाक, चालायला चलाख आणि बारीकशा हालचालीला कान टवकारणारी जात. शिवरस्त्याला शेजारच्यांच्या केळीबागेचं तारेचं कुंपण होतं. केळीच्या घडांना घालतात तसली एक निळसर प्लॅस्टिकची पिशवी फाटून उडाली होती आणि त्या तारेला अडकली होती. आम्ही तिच्याजवळ पोचलो आणि नेमकी वाऱ्याची झुळूक आली. पिशवी फुगली, सळसळली.

तारेच्या बाजूचा बैल राजा. त्याने पुढचे दोन्ही पाय जमिनीत रोवले, मान वर उचलली आणि अख्खं अंग रस्त्याच्या दुसऱ्या कडेला झोकलं. जू तिरकं झालं. गाडीचं चाक अर्धा वेढा मागे आलं. मी साटीच्या काठाला धरून बसले. राजाच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसत होता आणि नाकपुड्यांतून भसाभस श्वास चालला होता. माझ्या तोंडून निघालं, ‘आप्पा, घाबरला तो!’ आप्पा खाली उतरले, कासरा सैल सोडला आणि म्हणाले, ‘भेला नाही तो, बुजला. त्याले पाहू दे आधी.’

त्यांनी चाबूक हातात घेतला नाही. ते त्या पिशवीजवळ जाऊन उभे राहिले, तिला हात लावला, जरा चुरगाळून आवाज केला. राजा बघत होता. मग त्याने मान हळूहळू खाली आणली, अगदी जमिनीजवळ, आणि लांबूनच वास घेतला. एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा थांबला. एखादी बिडी ओढून संपावी एवढा वेळ गेला असेल. मग आप्पांनी वेसणीजवळ धरून त्याला पिशवीशेजारून चालवत नेलं आणि राजा गेला. संध्याकाळी परत येताना पिशवी तिथेच होती. राजाने नुसता एक कान तिकडे वळवला.

‘भेला नाही, बुजला.’ या तीन शब्दांत मला हवं ते सगळं आहे. भिणं म्हणजे समोर काय आहे ते कळलेलं असणं आणि त्यातून काय इजा होईल याचाही अंदाज असणं. बैल वाघाला भितो, चाबकाला भितो. बुजणं याच्या आधीचं आहे. समोर काहीतरी आलं, ते ओळखीचं नाही, ते काय आहे हे ठरायच्या आत अंग मागे किंवा बाजूला सरलं, ते बुजणं. त्यात तीन गोष्टी लागतातच. गोष्ट अनोळखी हवी, ती अचानक किंवा जवळ यायला हवी, आणि अंग हललं पाहिजे. जागच्या जागी उभं राहून मनातल्या मनात कुणी बुजत नाही. मनातल्या मनात माणूस चरकतो. त्यासाठी मराठीने वेगळा शब्द ठेवला आहे.

आता आप्पांनी जे केलं ते बरोबर का होतं, हे समजायला बैलाच्या डोळ्यांत शिरायला हवं. गाईबैलांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्यांना सुमारे ३३० अंशांतलं दिसतं, म्हणजे पाठीमागचा थोडासा पट्टा सोडला तर जवळजवळ सगळीकडचं. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून एकच गोष्ट पाहता येईल अशी जागा समोर अगदी अरुंद असते, आणि अंतराचा, खोलीचा अंदाज तिथेच नीट येतो. म्हणून बैलाला खूप काही दिसतं, पण त्यातलं बरंचसं नीट उमगत नाही. कडेला काहीतरी हललं एवढंच कळतं. ते पाच हातांवर आहे की पंधरा, कागद आहे की जनावर, हे कळायला त्याला थांबावं लागतं आणि मान खाली घालून नीट बघावं लागतं. गाडीवान घाबरून कासरा ताणून धरतो तेव्हा बैलाची मान वरच अडकते. ज्या एका हालचालीने त्याची शंका फिटली असती तीच आपण अडवतो.

अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या पशुवर्तनाच्या अभ्यासकांनी नेमकं हेच पाहिलं. गुरं एका अरुंद वाटेवरून नेताना ठरावीक जागीच का अडतात हे शोधायला त्या स्वतः त्या वाटेत उतरल्या आणि गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघू लागल्या. सापडल्या त्या गोष्टी आपल्या लेखी क्षुल्लक होत्या : लोंबती साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, जमिनीवरच्या पाण्याची चमक, उन्हात पडलेली काळी सावली. ती वस्तू काढली की तीच गुरं निमूट चालू लागायची. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गाडीवानाला हे सांगा, तो मान डोलवेल. माझ्या माहेरी आता ठिबकच्या काळ्या नळ्या सगळीकडे पसरलेल्या असतात. नव्या बैलाला पहिल्या दिवशी त्या नळीवरून पाय टाकायला लावणं हे एक कामच असतं.

बैल बुजला की चाबूक मारण्याची सवय पुष्कळांना आहे. त्यात निर्दयपणा आहे हे तर खरंच, पण ते उपयोगाचंही नाही. कोणतीही गोष्ट पुन:पुन्हा समोर आली आणि तिच्यातून काही वाईट घडलं नाही, तर जनावर तिला सरावतं. राजाचं संध्याकाळपर्यंत हेच झालं. पण त्या गोष्टीबरोबर दर वेळी वेदना मिळाली, तर उलटं होतं. पिशवी दिसली की पाठीवर फटका बसतो, एवढंच बैल शिकतो. दुसऱ्या दिवशी तो पिशवी लांबूनच बघून थरथरतो. आता तो बुजत नाही, आता तो भितो. म्हणजे अनोळखी होती ती गोष्ट आपण मारून मारून त्याच्या ओळखीची केली, आणि ओळख करून दिली ती दुखण्याची. यापुढची पायरी ‘धसका’. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायची पाळी येते, ती इथे.

माणसाच्या शरीरातही कळण्याआधी अंग हलण्याची ही सोय आहे. तिचं उत्तम वर्णन चार्ल्स डार्विनने स्वतःवर करून पाहिलेल्या प्रयोगात आहे. भावना चेहऱ्यावर आणि अंगावर कशा उमटतात यावरचं त्याचं पुस्तक १८७२ साली आलं, त्यात हा प्रसंग आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ अ‍ॅडर नावाचा विषारी साप जाड काचेमागे ठेवला होता. डार्विनने काचेला चेहरा भिडवला आणि मनाशी पक्कं ठरवलं की सापाने झेप घेतली तरी मागे हटायचं नाही. सापाने काचेवर झेप घेतली आणि डार्विन एक-दोन यार्ड मागे उडाला. काच आहे हे माहीत होतं, निश्चय केलेला होता, पण कशाचाही उपयोग झाला नाही.

याला मराठीत काय म्हणायचं? माझ्या कानाला इथे ‘बुजला’ चालत नाही. डार्विन दचकला. साप आहे, काच आहे, झेप येणार आहे, सगळं त्याला ठाऊक होतं. अनोळखी काही नव्हतंच. ‘दचकणे’ हा शब्द त्या एका झटक्यापुरता आहे. मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान खाली जाते, खांदे वर येतात, कोपर दुमडतात. पापणीची ही हालचाल सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत सुरू होते. एवढ्या वेळात विचार करून काही करणं माणसाला शक्यच नसतं. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या दोन मानसशास्त्रज्ञांनी पिस्तुलाच्या आवाजावर दचकणाऱ्या माणसांचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि १९३९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. दचकण्याचं हे काम मेंदूच्या अगदी खालच्या भागात, मेंदूच्या देठात उरकलं जातं.

म्हणूनच दचकायला काही शिकावं लागत नाही. तान्ह्या बाळाला जरा झटकन खाली ठेवलं की ते दोन्ही हात फाकवतं आणि मग पुन्हा छातीशी आवळतं. अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली या हालचालीचं वर्णन केलं आणि डॉक्टर आजही तिला त्याच्या नावाने ओळखतात. साधारण चार ते सहा महिन्यांत ती आपोआप जाते. आपल्या आज्या ‘बाळ दचकतंय, कुशीला उशी लाव’ म्हणतात ते हेच. पण तीन महिन्यांचं बाळ कुणाकडेही खुशाल जातं, ते बुजत नाही. सात-आठ महिन्यांचं झालं की तेच बाळ नवा माणूस दिसल्यावर आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. तेव्हा आजी म्हणते, ‘आता माणूस ओळखायला लागलं.’ किती नेमकं निरीक्षण आहे हे! बाळ अनोळखी माणसाला बुजतं याचा अर्थ ते ओळखीच्या माणसाला ओळखू लागलं. घरचा चेहरा मनात पक्का झाल्याशिवाय परका चेहरा परका वाटणार कसा? दचकायला नुसतं जन्माला आलेलं पुरतं. बुजायला ओळख लागते.

ही दोन टोकं ध्यानात आली की बाकीचे शब्द जागच्या जागी बसतात. ‘बिचकणे’ घ्या. मांजर दुधाच्या वाटीकडे येतं, थांबतं, मागे जातं, पुन्हा येतं. पोर नदीत उतरायला बिचकतं. बिचकण्यात ओढही असते आणि शंकाही असते, म्हणून पाऊल पुढेमागे होतं. बुजणारा एकदम सरतो, बिचकणारा रेंगाळतो. रात्रीच्या लाइटीला शेतकरी विहिरीवर मोटर चालू करायला जातो. अंधारात घुबड ओरडलं तर तो दचकतो. गेल्या आठवड्यात स्टार्टरच्या पेटीने झटका दिला असेल तर पेटीला हात लावायला तो बिचकतो. आणि ही रात्रीची वीज दिवसा द्या, असं सगळ्यांसमोर अधिकाऱ्याला सांगायची वेळ आली की कचरतो. ‘कचरणे’ पूर्ण विचार करून होतं. परिणाम डोळ्यांसमोर असतात, तोलून पाहिलेले असतात, आणि मग माणूस मागे राहतो. म्हणून बैल कधी कचरत नाही. कचरायला उद्याचा हिशेब यावा लागतो.

हबकणे, भेदरणे, थबकणे हे आणखी वेगळे. गोष्ट आपल्या आवाक्याबाहेर मोठी निघाली की माणूस हबकतो, मग ती वाईटच असली पाहिजे असंही नाही. दवाखान्याचं बिल पाहून हबकतात, लग्नातली गर्दी पाहूनही हबकतात. भेदरणं बराच वेळ टिकतं, ते डोळ्यांत दिसतं. थबकायला तर भीती लागतच नाही, कुणी सुंदर गात असलं तरी पाय थबकतात.

‘बुजणे’ माणसाला लावताना मराठी माणूस नकळत एक फरक करतो आणि तो कोशांपेक्षा बोलण्यात जास्त स्पष्ट दिसतो. जनावर वस्तूंना बुजतं : सावलीला, पिशवीला, छत्रीला, ट्रॅक्टरला. माणूस माणसांना बुजतो : पाहुण्यांना, सभेला, शहराला, साहेबांना. मोठ्या माणसाच्या पायात साप आला तर ‘तो सापाला बुजला’ असं कुणी म्हणणार नाही, ‘दचकून मागे सरला’ म्हणेल. पण तोच माणूस पहिल्यांदा मुंबईला मंत्रालयात गेला आणि दारातच घुटमळला, तर ‘बुजला बिचारा’ म्हणेल. रचनेतही ‘ला’ लागतो किंवा ‘पाहून’ लागतं : गर्दीला बुजतो, गर्दी पाहून बुजतो. ‘गर्दीपासून बुजतो’ असं काही मुलं हल्ली लिहितात, ते मराठी नव्हे.

याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे आणि तो मुलांना फार गोंधळात टाकतो. विहीर बुजली, खड्डा बुजला, पाटाचं तोंड बुजलं. इथे भीतीचा संबंध नाही, भरून गेलं, बंद झालं एवढाच अर्थ. ओळखायची खूण सोपी आहे. कर्ता जिवंत असेल तर तो बिथरून मागे सरला, निर्जीव असेल तर भरून गेला. ‘बुजवणे’चंही तसंच : खड्डा बुजवा, बैलाला बुजवू नका. तिसरी ‘बूज’ आहे ती ‘बूज राखणे’तली. वडीलधाऱ्यांची बूज राखली म्हणजे त्यांची कदर केली, मान राखला. तिचा या दोन्हींशी काही संबंध लावू नये.

बुजण्यातून निघालेला सगळ्यांत देखणा शब्द मात्र ‘बुजगावणं’. पाखरांना बुजवण्यासाठी केलेली आकृती. आमच्याकडे थंडीत दादरचं पीक उभं असतं, ही आपली खान्देशची रब्बी ज्वारी. कणसात दाणा भरायला लागला की चिमण्या आणि पोपट येतात. मग दोन काठ्या आडव्याउभ्या बांधून जुना सदरा चढवायचा आणि वर चुना फासलेलं मडकं उपडं घालायचं. नाव किती अचूक आहे पाहा! त्याला ‘भिवगावणं’ म्हटलं नाही. कारण पाखरं त्याला भीत नाहीत, बुजतात. आणि बुजणं सरावाने जातं. चार-आठ दिवस एकाच जागी उभं राहिलेल्या बुजगावण्याच्या खांद्यावर चिमणी बसते. म्हणून जाणता शेतकरी ते दर दोन-तीन दिवसांनी हलवतो, सदरा बदलतो, हातात चमकणारी फीत बांधतो. अनोळखीपण संपू द्यायचं नाही, एवढंच ते काम आहे. नुसत्या नावाला बसवलेल्या, काही न करू शकणाऱ्या माणसालाही आपण बुजगावणं म्हणतो, ते याच अनुभवावरून.

घोड्यांच्या बाबतीत हा शब्द पैशांत मोजला जातो. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर देशभर नाव असलेला घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी जातीचे घोडे येतात, राजस्थान-गुजरातपासून व्यापारी येतात. लोक रेवाल चाल बघतात, दात बघतात, अंगावरच्या खुणा बघतात. जाणकार गिऱ्हाईक आणखी एक गोष्ट बघतं : घोडा बुजरा आहे का? वरातीत वाजंत्री, फटाके, झगमगाट यांच्यामधून नाचायचं असेल तर बुजरा घोडा चालत नाही. घोड्याला मान न वळवता साधारण ३५० अंशांत दिसतं. पाठीवर बसलेल्याचा हात वर गेला तरी ते त्याला दिसू शकतं. टांग्याच्या घोड्याला झापडं लावायची ती याचसाठी. डोळ्यांच्या कडेची बातमी बंद केली की बुजण्याचं कारण कमी होतं. आपण ‘डोळ्यांवर झापडं लावलेला माणूस’ म्हणतो तेव्हा त्यात निंदा असते, घोड्यासाठी मात्र ती सोय असते.

त्या बाजारात कान उघडे ठेवून फिरलं तर एकाच हालचालीला किती भाषा पुरतात ते ऐकू येतं. हिंदी बोलणारा व्यापारी सांगतो, ‘बिदकता नहीं है।’ गुजरातीत यालाच ‘भडकवुं’ म्हणतात. आपल्या मराठीत मात्र ‘भडकणे’ आगीला, बाजारभावाला आणि रागाला गेलं, म्हणून घोडा भडकला म्हटलं की पुणेकराला तो चिडला असं वाटेल. आणि शिरपूरकडे, माझ्या मामाच्या गावी, अहिराणीत म्हणतात, ‘बैल बुजना.’ हिंदीच्या सवयीने वाचलं तर हे क्रियापदाचं मूळ रूप वाटतं, पण अहिराणीत हा भूतकाळ आहे. ‘उना’ म्हणजे आला, ‘बठना’ म्हणजे बसला, तसा ‘बुजना’ म्हणजे बुजला.

इथे मेंदूशास्त्रातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण आप्पांच्या वाक्याशी ती चांगलीच जुळते. जोसेफ लेडू या अमेरिकी शास्त्रज्ञाने मुख्यतः उंदरांवर काम करून असं दाखवलं की धोक्याची बातमी मेंदूत दोन वाटांनी जाते. डोळ्याकानाकडून आलेली खबर थॅलॅमस नावाच्या ठिकाणी पोचते. तिथून एक आडवाट थेट अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाकडे जाते आणि तिथून अंगाला हुकूम सुटतो. ही वाट जवळची, पण खबर पुसट. दुसरा हमरस्ता मेंदूच्या वरच्या थरातून फिरून येतो. तिथे नीट तपासणी होते, दोरी की साप हे ठरतं, म्हणून वेळ लागतो. अंग आडवाटेने आलेल्या खबरीवर हलतं आणि खुलासा हमरस्त्याने मागाहून येतो. पुढे लेडू यांनी स्वतःच आग्रह धरला की या आडवाटेच्या कामाला ‘भीती’ म्हणू नये. धोका टिपून अंगाने बचाव करणं वेगळं आणि ‘मला भीती वाटते’ हा अनुभव वेगळा. एकच शब्द दोन्हींना वापरल्यामुळे मोठा घोटाळा झाला असं त्यांचं म्हणणं. आमच्या शिवरस्त्यावर हा घोटाळा नव्हता. तिथे दोन शब्द होते आणि आप्पांनी त्यातला बरोबर तो उचलला.

शिक्षक म्हणून मला या शब्दाबद्दल खरी काळजी आहे ती एका प्रत्ययाची. ‘बुजला’ ही घडलेली गोष्ट आहे. ‘बुजरा’ हा स्वभावाचा शिक्का आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवरून मुलं आमच्या शाळेत येतात. घरी पावरी बोलतात, भिली बोलतात. पहिल्या दिवशी वर्गात शिरतात तेव्हा भिंतीवरची अक्षरं नवी, घंटा नवी, मॅडमची भाषा नवी. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहतात, हाक मारली की मागे सरतात. हे बुजणं आहे, अगदी शब्दशः. आणि त्यात कमीपणा कसलाही नाही. ज्याला आपलं घर, आपली बोली पक्की ओळखीची आहे त्यालाच परकं परकं वाटतं. पण आठवडाभरात शिक्षकांच्या खोलीत बोलणं सुरू होतं, ‘ही पोरं बुजरीच असतात.’ मीही ते पूर्वी म्हटलेलं आहे. एकदा शिक्का बसला की आपण प्रश्न विचारणं कमी करतो, हाक मारणं सोडतो, आणि मूल खरंच कोपऱ्यात राहतं. काहीजण उलट करतात. भीड चेपावी म्हणून त्याला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं करून कविता म्हणायला लावतात. तो चाबूकच आहे. मान खाली घालून बघायला वेळ मिळाला नाही की बुजणं भिण्यात बदलतं, मग ते बैलाचं असो की मुलाचं.

मी आता पहिले काही दिवस त्यांच्या बोलीतले शब्द विचारते. पाण्याला काय म्हणता, बकरीला काय म्हणता. मला उच्चार जमत नाही तेव्हा ती सुधारून देतात. चौकटीवरचा हात मग सुटतो. किती दिवसांत सुटतो ते प्रत्येकाचं वेगळं, कुणाला दोन दिवस, कुणाला दिवाळीपर्यंत.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आठवड्याने मी सहावीला पुन्हा तेच चार शब्द दिले. अट एकच, वाक्यात ‘घाबरणे’ आणि ‘भीती’ वापरायची नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने लिहिलं, ‘आमची नवी म्हैस दूध काढायच्या बादलीला बुजते, म्हणून आई बादली तिच्यासमोर ठेवून देते.’ एकाने कचरण्यावर चांगलं वाक्य केलं, पण ते त्याच्या वडिलांच्या कर्जाबद्दल होतं, म्हणून मी ते वाचून न दाखवता वही तशीच परत दिली. खिडकीजवळ एक पाड्यावरचा मुलगा बसतो. त्याने हात वर केला, जो तो सहसा करत नाही. उभं राहून म्हणाला, ‘मी पहिलीत शाळेला बुजलो होतो.’

मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि ‘होतो’च्या खाली रेघ ओढली.